नगरला पुढे काय आहे? नाटक, एकांकिका, तमाशा आणि न दिसणारं कॅलेंडर

हे आपल्या या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे", "ॲक्च्युअली" आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

आजचा भाग एका मेसेजवरून सुचला. श्रीगोंद्याच्या एका श्रोत्याने लिहिलं होतं, "दादा, पुण्यात रोज काहीतरी असतं. आपल्याकडे काही होतच नाही का?"

माझं उत्तर असं, की होतं. बऱ्यापैकी होतं. नोव्हेंबरात काय असणार, जानेवारीत काय असणार, चैत्रात काय असणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. फक्त ते आपल्या फोनवर येत नाही. आणि फोनवर आलं नाही म्हणजे झालंच नाही, असं आपण धरून चालतो.

तर आज तीन गोष्टी समजून घेऊ. पहिली, आपल्या जिल्ह्यातले कार्यक्रम फोनला का सापडत नाहीत. दुसरी, वर्षाचं चक्र कसं फिरतं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, आपण गेलो नाही तर पुढच्या वर्षी काय होतं.

फोनला का दिसत नाही

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, म्हणून इथून सुरुवात करतो.

पुण्या-मुंबईत नाटकाचा प्रयोग लागला की तिकिटाच्या ॲपवर येतो. ॲपमध्ये तारीख ही तारीख म्हणून भरलेली असते, जागा जागा म्हणून भरलेली असते. त्यामुळे "या शनिवारी काय आहे" असं विचारलं की मशीनला उत्तर देता येतं.

आपल्याकडे काय असतं? एक पोस्टर. लाल-पिवळं, वर पाच मान्यवरांचे फोटो, खाली "आपले नम्र", आणि कुठेतरी कोपऱ्यात तारीख. हे पोस्टर म्हणजे एक फोटो. त्यातली तारीख माणसाला वाचता येते, पण कॅलेंडरमध्ये आपोआप जाऊन बसत नाही. ते पोस्टर तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं, कुणाच्या तरी स्टेटसला चोवीस तास राहतं आणि जातं. ग्रुप बंद दाराआडचे. सर्च इंजिनला तिथे प्रवेश नाही. म्हणजे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते परत कळतं.

दुसरी अडचण खास आपली. गावाचं नाव. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं नाव सरकारी कागदावर अहिल्यानगर झालं. बोलताना आपण आजही "नगर" म्हणतो. एकाच गावाची तीन नावं झाली, आणि सर्च करताना तिन्ही वेगवेगळी ठरतात. जुन्या बातम्या, जुने निकाल "अहमदनगर"खाली. नवीन पत्रकं "अहिल्यानगर"खाली. आणि नुसतं "नगर" टाकलं की महाराष्ट्रातल्या सगळ्या शिवाजीनगर, गांधीनगर, टिळकनगरची रांग लागते.

त्यामुळे पहिली टीप आत्ताच देतो. शोधताना दोन्ही नावं टाकून शोधा, आणि सोबत सभागृहाचं किंवा स्पर्धेचं नाव टाका. "अहिल्यानगर कार्यक्रम" असं शोधलं तर भाषणांच्या बातम्या येतील. "राज्य नाट्य स्पर्धा अहिल्यानगर केंद्र" असं शोधलं तर कामाचं काहीतरी हाताला लागेल.

वर्षाचं चक्र

आता मुख्य मुद्दा. छोट्या गावातले कार्यक्रम कुणाच्या लहरीवर ठरत नाहीत. पाऊस, पिकं, साखर कारखाना, शाळेच्या परीक्षा आणि जत्रा, या पाच गोष्टी तारखा ठरवतात. हे एकदा कळलं की पोस्टर न बघताही अंदाज येतो.

जून-जुलै म्हणजे शांतता. पेरण्या चालू असतात, मोकळ्या मैदानात चिखल असतो. या दिवसांत कार्यक्रम कमी, पण पडद्यामागे काम सुरू होतं. संहिता शोधायची, माणसं जमवायची, तालमीला जागा बघायची.

श्रावणात सप्ताह. आपल्या भागात गोदाकाठी सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे. जागा दरवर्षी बदलते, तरी लोकांना बरोबर कळतं कुठे जायचं. ॲप नाही, बुकिंग नाही. गावोगावच्या पंगतीतच जाहिरात होते. हे लक्षात ठेवा, नंतर यावर परत येऊ.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॉलेजची पोरं पुण्याला. पुरुषोत्तम करंडक ही महाराष्ट्रीय कलोपासकची स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. मग गणपती, नवरात्र. मंडळांचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा, एखादं नाटक.

दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात. साधारण याच सुमाराला, दिवाळीच्या आगेमागे, पाथर्डी आणि शेजारच्या बीडकडची ऊसतोड मंडळी कारखान्यांवर निघतात. त्यामुळे त्या पट्ट्यातल्या अनेक गावांत थंडीत फार काही होत नाही. गावात माणूसच नसतो.

नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. जानेवारीत नगरला महाकरंडक एकांकिका स्पर्धा. जानेवारीच्या शेवटी अरणगावजवळ मेहेराबादला अमरतिथी. मेहेरबाबांनी ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवला, त्या दिवशी दुपारी बाराला पंधरा मिनिटं मौन असतं आणि हजारो माणसं एकाच वेळी गप्प बसतात. त्या दोन-तीन दिवसांत देशोदेशीची मंडळी गाणी, नाटुकली सादर करतात. आपल्या दारात एवढं घडतं, आणि नगरच्या किती पोरांनी ते पाहिलंय हा प्रश्नच आहे.

फेब्रुवारीत शाळा-कॉलेजची स्नेहसंमेलनं, २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. मग दहावी-बारावीच्या परीक्षा आणि पुन्हा शांतता. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा. चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा, कारण तोपर्यंत ऊसतोडवाले घरी परतलेले असतात, रब्बी निघालेली असते आणि हातात दोन पैसे असतात. जत्रा आली की तमाशा आला.

झालं वर्ष. बघा, यातलं काहीच गुप्त नाही.

राज्य नाट्य स्पर्धा: सगळ्यात स्वस्त तिकीट

आता यातल्या एका गोष्टीवर जरा थांबू.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली. आज ती राज्य शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं. हौशी मराठी नाटकांची वेगळी, बालनाट्यांची वेगळी, संगीत नाटकांची, संस्कृत आणि हिंदी नाटकांची वेगळी असे विभाग आहेत. हौशी मराठीची प्राथमिक फेरी राज्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर होते आणि नगर हे त्यातलं एक केंद्र.

हौशी म्हणजे कोण? जे नाटकावर पोट भरत नाहीत ते. शाळेतले शिक्षक, बँकेतले क्लार्क, एमआयडीसीतले कामगार, मेडिकल दुकानवाले, कॉलेजची पोरंपोरी. दिवसा नोकरी करायची आणि रात्री तालीम. तालीम कुठे? एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर.

नियम साधारण असे. पूर्ण लांबीचं नाटक लागतं. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ठरलेल्या दिवशी तुमच्या संघाला रंगमंच मिळतो. त्याच दिवशी नेपथ्य लावायचं, लाइट जोडायचे, प्रयोग करायचा आणि सगळं उतरवायचं. प्रयोग एकच. परीक्षक समोर बसतात. अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा अशी बक्षिसं असतात. केंद्रावर बाजी मारली तर अंतिम फेरी.

सॉफ्टवेअरवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगतो. तीन महिने कोड लिहिलाय, टेस्टिंगला वेगळा सर्व्हर नाही आणि थेट लाइव्ह एकदाच. चुकलं तर रोलबॅक नाही.

या स्पर्धेतून काय निघतं याचं एक उदाहरण. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ ला पहिल्यांदा केलं, ते याच राज्य नाट्य स्पर्धेसाठी. पुढे ते नाटक देशाबाहेर गाजलं. त्या पहिल्या रात्री जे प्रेक्षक खुर्चीत होते त्यांना आपण काय बघतोय याची कल्पना असेल-नसेल, पण ते होते.

आणि प्रेक्षकांसाठी या स्पर्धेचं तिकीट? नाममात्र. स्टँडवरच्या चहा-वड्याच्या हिशोबात बसेल इतकं. तरीही खुर्च्या रिकाम्या असतात. मी स्वतः असे प्रयोग पाहिलेत जिथे रंगमंचावर आणि विंगेत मिळून जेवढी माणसं होती, समोर त्याहून फार जास्त नव्हती. समोरच्यांतले अर्धे दुसऱ्या संघातले, "यांचं कसं झालंय" हे बघायला आलेले. तीन महिन्यांच्या मेहनतीला एवढाच प्रेक्षक.

एकांकिका: आपल्या वयाची जागा

एकांकिकेचं जरा वेगळं. वेळ कमी, साधारण अर्धा ते पाऊण तास. एका दिवसात पाच-सहा बघून होतात. नगरचा महाकरंडक जानेवारीत सावेडीच्या माऊली सभागृहात होतो आणि राज्यभरातून संघ येतात. मुंबईचा संघ, कोल्हापूरचा संघ, नगरचा संघ, सगळे एकाच विंगेत. प्रेक्षक बहुतेक विशी-पंचविशीतले. टाळ्या, शिट्ट्या, घोषणा. नाटक म्हणजे शांत बसून बघायचं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा एकांकिका स्पर्धेला जाऊन बघावं.

आपल्या मातीतून काय निघालंय ते पण सांगतो, कारण "नगरचं पाणी" हा शब्द आपण फक्त टिंगलीसाठी वापरतो. शाहू मोडक नगरचे, जन्म १९१८ चा. मराठी-हिंदी पडद्यावर कृष्ण म्हटलं की अनेक वर्षं तेच डोळ्यांसमोर यायचे. सदाशिव अमरापूरकर नगरचे. नगरच्या नाटकांत उभे राहिले, पुढे मुंबईला 'हँड्स अप' नाटकात गोविंद निहलानींनी त्यांना पाहिलं आणि १९८३ च्या 'अर्धसत्य'मध्ये रामा शेट्टी मिळाला. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, पण कम्युनिकेशन स्टडीज शिकले नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. त्यांची 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म त्याच काळातली, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या तिघांचे काळ वेगळे, माध्यमं वेगळी. पण मोठ्या शहरातल्या मोठ्या पडद्याआधी छोट्या गावातली एक जागा लागते, जिथे चुकायला परवानगी असते आणि समोर कुणीतरी बसलेलं असतं. ती जागा टिकली पाहिजे, एवढंच मला म्हणायचंय.

तमाशा: पोस्टरच्या आधी ठरणारा कार्यक्रम

आता संगमनेरकडे चला. शाहीर अनंत फंदी (१७४४ ते १८१९) संगमनेरचे. फटका हा प्रकार म्हटला की पहिलं नाव त्यांचं. आपल्या काळातल्या तमाशाच्या मोठ्या कलावंत कांताबाई सातारकर यांचं घरही संगमनेरला. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत त्या गेल्या. त्यांचा फड मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासह गावोगाव फिरत राहिला. म्हणजे शाहिरीपासून तमाशापर्यंत या गावाची एक सरळ ओळ आहे.

तमाशाचं बुकिंग कसं होतं माहितीये? संगमनेरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की पुढे नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, राहुटीत बसतात, तारीख आणि पैसे ठरवतात. याला सुपारी म्हणतात. सुपारी दिली की तारीख पक्की. ज्यांच्या जत्रा एकाच तिथीला येतात त्यांची ओढाताण होते आणि भाव चढतो. आपल्याकडे टॅक्सीवाल्या ॲपचे दर गर्दीला वाढतात ना, तेच गणित, फक्त राहुटीत बसून केलेलं.

म्हणून तमाशा कधी आहे हे जाणायला पोस्टर लागत नाही. गावच्या जत्रेची तिथी लागते. तिथी पंचांगात असते, पंचांग घरात असतं. आजीला विचारा, ती तारीख सांगेल.

एक कायद्याची गोष्टही कळून घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. पूर्वी वग पहाटेपर्यंत रंगायचा, आता घड्याळ बघून आवरावा लागतो. गण, गौळण, बतावणी, वग हा सगळा क्रम तेवढ्यात बसवायचा म्हणजे कात्री लागणारच. त्यामुळे तमाशा पूर्ण बघायचा असेल तर सुरुवातीलाच जाऊन बसा. "रात्री उशिरा रंगतो" हे आजोबांच्या काळचं खरं होतं.

खुर्च्यांचं गणित

इथे आपण तिसऱ्या मुद्द्याशी आलो. आपण नाही गेलो तर काय होतं?

हिशोब समजावा म्हणून काही आकडे धरतो, हे कुणाचे खरे आकडे नाहीत. समजा मुंबईचं एक व्यावसायिक नाटक नगरला आणायचंय. कलाकारांचं मानधन, बस, नेपथ्याचा ट्रक, जेवण-राहणं, सभागृहाचं भाडं, जाहिरात मिळून दीड लाख रुपये. सरासरी तिकीट ३०० रुपये. म्हणजे ५०० तिकिटं गेली तर आयोजकाचे पैसे निघाले. ३५० गेली तर एक लाख पाच हजार आले आणि पंचेचाळीस हजार खिशातून गेले.

आयोजक कोण असतो? बहुतेक वेळा कंपनी-बिंपनी नसते. नाटकाचं वेड असलेला एखादा माणूस किंवा चार मित्रांचा ग्रुप. पंचेचाळीस हजार एकदा गेले तर तो हसतो. दुसऱ्यांदा गेले तर घरचे हसत नाहीत. तिसऱ्यांदा तो नाटक आणत नाही. आणि आपण म्हणतो, "नगरला काही होतच नाही."

यात अजून एक बारकावा. आपल्या पिढीची सवय म्हणजे शेवटच्या क्षणी ठरवायचं. "बघू, संध्याकाळी जमलं तर जाऊ." पण आयोजकाला तीन-चार दिवस आधी ठरवावं लागतं की प्रयोग ठेवायचा की रद्द करायचा. त्याच्यासमोर त्या वेळी जेवढी तिकिटं गेलीत तेवढाच पुरावा असतो. मनात यायचं ठरवलेली दोनशे माणसं त्याच्या वहीत शून्य दिसतात. त्यामुळे जायचं असेल तर तिकीट आधी काढा. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटीही नाही, त्यामुळे जेवढं छापलंय तेवढंच द्यायचं.

जागेचाही प्रश्न आहेच. नगरमध्ये हक्काचं, परवडणारं नाट्यगृह असावं ही मागणी जुनी आहे आणि सावेडीतलं नाट्यगृहाचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं राहिलं. त्यावर ओरडायला हवंच. पण ओरडताना "लोक येतात कुठे?" असा प्रश्न आला की आपल्याकडे उत्तर पाहिजे. भरलेलं सभागृह हे त्याचं सगळ्यात सोपं उत्तर.

दोन छोटी गावं, ज्यांना जमलं

कर्नाटकात शिमोग्याकडे सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं गाव आहे. सुपारीच्या बागा, पाऊस, आणि आपल्या एखाद्या खेड्याएवढी वस्ती. तिथे १९४९ मध्ये नीनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णा हे तिचे मुख्य शिल्पकार, स्वतः बागायतदार. त्यांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये तिथे नाट्यप्रशिक्षण सुरू झालं आणि १९८५ पासून 'तिरुगाट' नावाचं फिरतं नाटक कर्नाटकभर जायला लागलं. दरवर्षी नवी नाटकं घेऊन निघायचं आणि गावोगाव प्रयोग करायचे. शेतकरी रात्री जेवण उरकून शेक्सपियर बघायला येतात, यात तिथे कुणाला नवल वाटत नाही.

आपल्याच राज्यात कणकवलीला वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे. तालुक्याचं गाव, पण त्यांचा नाट्योत्सव नाटकवाल्यांच्या वर्तुळात नावाजलेला.

या दोन्ही ठिकाणी काय साम्य दिसतं? पैसा म्हणाल तर अमाप नाही. पण दरवर्षी ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट होते. लोकांनी ती वेळ आपल्या वर्षात बसवलेली असते, जशी आपल्याकडे सप्ताहाची आणि जत्रेची बसवलेली असते. सप्ताहाला जाहिरात का लागत नाही याचं उत्तर इथे आहे. सातत्य हीच त्याची जाहिरात. नाटकाला, एकांकिकेला, व्याख्यानमालेला तेवढी सवय अजून लागायचीय, आणि सवय लागायला दोन्ही बाजू लागतात. करणारे आणि येणारे.

मग आपण काय करायचं

उपदेश नको, कामाचं सांगतो.

एक. फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच चार आठवणी लावा, दरवर्षी परत येणाऱ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला "राज्य नाट्य स्पर्धेचं वेळापत्रक बघ". जानेवारीच्या पहिल्या तारखेला "महाकरंडकच्या तारखा बघ". २५ जानेवारीला "अमरतिथी". आणि आपल्या गावच्या जत्रेच्या आठ दिवस आधी एक. दोन मिनिटांचं काम आहे.

दोन. तुमच्या गावातलं वाचनालय शोधा. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ पासूनचं, म्हणजे रेल्वेच्या आधीचं. वाचनालयाच्या दाराशी जो सूचना फलक असतो तो आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात भरवशाचा फीड. व्याख्यान, काव्यवाचन, नाट्यवाचन, सगळं तिथे लागतं. महिन्यातून एकदा त्याचा फोटो काढा.

तीन. फोटो काढलात तर तसाच फॉरवर्ड करू नका. खाली चार ओळी टाइप करा. काय आहे, कोणत्या वारी कोणत्या तारखेला किती वाजता, कुठे, तिकीट किती, संपायला किती वाजतील. टाइप केलेलं शोधता येतं. सहा महिन्यांनी कुणी त्या ग्रुपमध्ये "एकांकिका" असं शोधलं तर तुमचा मेसेज सापडेल, नुसतं पोस्टर सापडणार नाही.

चार. मंडळी, "संपायला किती वाजतील" हे मी मुद्दाम सांगतोय. नगरला प्रयोग सातला सुरू झाला आणि साडेनऊ-दहाला संपला, तर पारनेरच्या, पाथर्डीच्या, जामखेडच्या पोरीला घरी जायला एसटी आहे का? माळीवाडा स्टँडवरून शेवटची गाडी कधी सुटते? पोस्टरवर पाच मान्यवरांचे फोटो बसतात, ही एक ओळ बसत नाही. तालुक्यातला प्रेक्षक, त्यातही मुली, येत नाहीत यामागे आवड नसणं हे कारण फार कमी वेळा असतं. परतीची सोय नसणं हे जास्त वेळा. जे आयोजन करतात त्यांनी सुट्टीच्या दिवशी दुपारचा एक खेळ लावून बघावा. आणि जे गाडी घेऊन जाणार आहेत त्यांनी ग्रुपवर टाकावं, "दोन जागा आहेत, सुप्यावरून जाणार".

पाच. ज्याला थोडं कोडिंग येतं, त्याच्यासाठी. तालुक्याचं एक सार्वजनिक गुगल कॅलेंडर बनवा. ॲप बनवू नका. ॲप बनवायला मजा येते, पण ते कुणी डाउनलोड करत नाही आणि सहा महिन्यांनी तुम्हीच ते विसरता. कॅलेंडरची एक लिंक, ती ग्रुपच्या माहितीत डकवायची, आणि भरायला तीन माणसं. एक नाटकवाला, एक वाचनालयातला, एक तुम्ही. जिल्ह्याच्या दोन्ही नावांचा उल्लेख त्यात ठेवा म्हणजे शोधणाऱ्याला कुठल्याही नावाने सापडेल.

सहा. हे सगळ्यात साधं. यंदा एक प्रयोग बघा. राज्य नाट्य स्पर्धेतलं कुठलंही एक नाटक. चांगलं निघेलच याची हमी मी देत नाही. काही नाटकं रेंगाळतात, कुणी वाक्य विसरतं, लाइट चुकीच्या वेळी जातो. पण ज्याला तुम्ही सकाळी मेडिकलच्या काउंटरवर पाहिलंय तो माणूस रात्री औरंगजेब होऊन उभा राहतो, हे ओटीटीवर दिसणार नाही. आणि त्याला पुढच्या वर्षी परत उभं राहावंसं वाटेल की नाही, हे थोडंफार तुमच्या खुर्चीवर अवलंबून आहे.

श्रीगोंद्याच्या मित्रा, तुझ्या तालुक्यात काय काय होतं त्याची यादी तूच पाठव. बाकीच्यांनीही पाठवा. गाव, कार्यक्रम, महिना, एवढं पुरे. पंधरा-वीस गावं जमली की त्याचं कॅलेंडर मी करतो आणि लिंक इथेच देतो.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत आजीला जत्रेची तिथी विचारून ठेवा. राम राम.